द्रवाचा दाब आणि शाळेतील मराठी : मालवण किनाऱ्याच्या अनुषंगाने एका परिभाषेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नामांवर खिळलेले असते. एखाद्या इंग्रजी संज्ञेस मराठीत कोणता प्रतिशब्द योजिला गेला, तो तत्सम होता की देशी, तो रूढ झाला की मागे पडला, एवढी नोंद झाली म्हणजे विषय संपला असे मानले जाते. परंतु संज्ञा वर्गात एकटी येत नाही. ती आपले क्रियापद, आपली विभक्ती आणि आपले शब्दयोगी अव्यय बरोबर घेऊन येते. आणि मुलाच्या मनात जे चित्र उमटते ते ह्या संपूर्ण वाक्याचे असते. द्रवातील दाब हा शालेय पदार्थविज्ञानातील विषय ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. येथे नाम चांगले निवडले गेले, ते टिकले, आणि तरीही त्याभोवतीच्या वाक्यरचनेने शिकणाऱ्याच्या वाटेत अडचण निर्माण केली.

ह्या विवेचनासाठी मालवणचा किनारा, म्हणजे १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा, निवडण्यास दोन कारणे आहेत. मराठीतून शास्त्र शिकविण्याच्या उपक्रमातील एक आद्य पुरुष ह्याच प्रदेशातला होता, हे पहिले. दुसरे असे की, ह्या किनाऱ्यावरील मुलाचा पाण्याशी नित्याचा संबंध असून त्या संबंधाची शब्दसंपत्ती त्याच्या बोलीत अगोदरच सिद्ध आहे.

मराठीतून शास्त्रीय विषयांची पुस्तके तयार करण्याचा संघटित उद्योग मुंबईत सुरू झाला. १८२२ मध्ये स्थापन झालेली आणि १८२७ पासून ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ ह्या नावाने ओळखली जाणारी संस्था त्याच्या केंद्रस्थानी होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली प्रथम गणिताची पुस्तके झाली. पुढे हरि केशवजी पाठारे यांचे ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक १८३३ मध्ये, आणि ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ हे १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही शीर्षकांतील ‘संवाद’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळी इंग्लंडात बालवाचकांसाठी शास्त्र लिहिण्याची ती मान्य रीत होती. जेरेमाया जॉइस यांनी १८०० पासून प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय संवादांत द्रवांच्या स्थितीवर स्वतंत्र भाग होता. जेन मार्सेट यांच्या १८१९ मधील पदार्थविज्ञानविषयक पुस्तकात श्रीमती बी. ही शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन ह्या दोन मुली यांच्या संभाषणातून विषय उलगडत जातो.

संवादपद्धतीचा लाभ असा की, तीत अज्ञानाला बोलण्याचा अधिकार असतो. मुलगी चुकीचा प्रश्न विचारते, रोजच्या भाषेत विचारते, आणि शिक्षिकेस त्या भाषेशी सामना करावाच लागतो. व्याख्येने आरंभ होणाऱ्या पुस्तकात ही सोय नसते. तेथे उत्तर आधी येते, आणि प्रश्न पडला होता की नाही याची विचारपूस कोणी करीत नाही.

ह्याच वातावरणात बाळशास्त्री जांभेकर यांचे कार्य झाले. त्यांचा जन्म १८१२ मध्ये, आज देवगड तालुक्यात मोडणाऱ्या पोंभुर्ले ह्या गावी झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’ पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. अशा मांडणीत मराठी स्तंभाला पळवाट उरत नाही; समोरच्या स्तंभात जे म्हटले आहे ते मराठीत म्हणून दाखवावेच लागते. १८३४ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ ह्या मासिकाचा आरंभ आणि त्यात शास्त्रीय विषयांना दिलेले स्थान, १८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे संचालन, हा त्यांच्या कार्याचा क्रम पाहिला असता एक सूत्र दिसते. ज्ञान मराठीत आणणे आणि ते शिकविणारा माणूस तयार करणे ही दोन कामे त्यांनी एकच मानली. १८४६ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढील शंभर वर्षांत परिस्थिती पालटली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर उच्च शिक्षणाचे व त्याला जोडलेल्या माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी राहिले. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोदक यांच्यासारख्या लेखकांनी पदार्थविज्ञान व रसायन यांवर मराठीत ग्रंथ लिहून ही परंपरा सांभाळली. विसाव्या शतकात मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण देण्याची सोय होऊ लागली, तेव्हा एकसारख्या परिभाषेची निकड निर्माण झाली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने व मराठी विश्वकोशाच्या मंडळाने हे काम पुढे नेले आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजेच ‘बालभारती’ने, ती परिभाषा खेड्यापाड्यांतील वर्गांपर्यंत पोहोचविली.

प्रस्तुत विषयाशी निगडित संज्ञांची घडण पाहता त्यांत तीन वेगवेगळे मार्ग दिसतात. ‘द्रव’ हा पहिला मार्ग. ‘हायड्रोस्टॅटिक्स’ ह्या ग्रीकमूल नावाचा शब्दशः अनुवाद ‘जलस्थितिशास्त्र’ असा होतो. पण ‘जल’ म्हटल्यावर तेल व पारा बाहेर राहतात. ‘द्रु’ म्हणजे धावणे ह्या धातूपासून सिद्ध झालेला ‘द्रव’ हा शब्द ह्या दृष्टीने अधिक व्यापक आहे. जे धावते, पसरते, भांड्याचा आकार घेते ते द्रव. दुसरा मार्ग नवनिर्मितीचा. द्रव आणि वायू यांना एकत्र सांगणारा शब्द मराठीत नव्हता. तेव्हा पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट घेऊन ‘द्रायू’ हा शब्द बनविण्यात आला, आणि विश्वकोशात ‘द्रायुयामिकी’ हे शास्त्रनाम त्यावरून सिद्ध झाले. तिसरा मार्ग घरातल्याच शब्दाला पारिभाषिक पद देण्याचा. ‘दाब’ हा शब्द त्या मार्गाने आला.

‘दाब’ हा तत्सम शब्द नव्हे. दाबणे, दबणे, दबाव ह्या कुळातला तो असून व्यवहारात त्याच्या अर्थाला सामाजिक छटाही आहे. घरात वडीलमाणसाचा दाब असतो, म्हणजे वचक असतो. वर कोणी तरी आहे आणि खाली कोणी तरी दबले आहे, अशी उतरंड ह्या शब्दाच्या पोटात आहे. शास्त्रातील दाबाचे स्वरूप नेमके ह्याच्या उलट आहे.

ते स्वरूप तीन विधानांत सांगता येते. स्थिर द्रवातील एखाद्या बिंदूपाशी दाब सर्व दिशांना सारखा असतो. वर, खाली आणि बाजूंना. तो खोलीबरोबर वाढतो आणि भांड्याच्या रुंदीवर किंवा द्रवाच्या एकूण साठ्यावर अवलंबून नसतो; डच गणिती सिमॉन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये हे आश्चर्यकारक सत्य मांडले. बंदिस्त द्रवावर बाहेरून वाढविलेला दाब सर्वत्र जसाच्या तसा पोहोचतो, हे तिसरे विधान फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचे. त्यांचा तद्विषयक प्रबंध मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. पाच चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोग्रॅमचे वजन ठेवले, तर पाचशे चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या एक हजार किलोग्रॅमचे ओझे उचलू शकतो. मात्र लहान दट्ट्या एक मीटर खाली गेला तर मोठा केवळ एक सेंटिमीटर वर येतो. बळ मिळते ते अंतर देऊन.

आता हेच सत्य मराठी वाक्यात कसे उतरते ते पाहू जाता अडचणीचे मूळ सापडते. वर्गात सहज बोलले जाणारे वाक्य असे : ‘पाण्यात बुडविलेल्या फळीच्या खालच्या बाजूवर वरच्या दिशेने दाब पडतो.’ ह्या एका वाक्यात ‘खालच्या’, ‘-वर’, ‘वरच्या’ आणि ‘पडतो’ अशी दिशासूचक चार पदे एकमेकांविरुद्ध उभी आहेत. ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय मराठीत आधार दाखविते; पण तेच रूप क्रियाविशेषण म्हणून ‘उंच’ असाही अर्थ देते. ‘खालच्या बाजूवर’ म्हणजे कोठे, हा प्रश्न मुलास पडणे स्वाभाविक आहे. ‘पडणे’ ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ वरून खाली येणे हा आहे. प्रकाश पडतो, थंडी पडते, गाठ पडते ह्या प्रयोगांत दिशेचा भाव पुसट झाला आहे हे खरे. म्हणून एकट्या क्रियापदास दोष देता येणार नाही. परंतु ‘दाब’, ‘-वर’ आणि ‘पडणे’ ही तिन्ही एकत्र आली की वजन वरून खाली बसल्याचे चित्र उभे राहते, आणि तळाशी दाब असतो पण बाजूला नसतो, वरच्या दिशेने तर नसतोच, असा समज त्या चित्रातून निघतो. मुलाने व्याख्या पाठ केलेली असते, आणि तरी त्याची समजूत वाक्याच्या मागे गेलेली असते.

व्याकरणाने निर्माण केलेल्या ह्या अडचणीचा परिहार मालवण किनाऱ्यावरील नित्याच्या भाषेत उपलब्ध आहे. खाडीकाठच्या खारभूमीत समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बंधारा घालतात व त्यात पाणी सोडण्यासाठी झडपेचे दार बसवितात. त्यास कोकणात ‘उघाडी’ म्हणतात. भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी चढते आणि झडप घट्ट बसते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी झडप उघडून निघून जाते. तेथे पाण्याच्या कृतीसाठी सहज येणारे क्रियापद ‘रेटणे’ हे आहे : पाणी दार रेटते, पाण्याचा रेटा येतो. ‘रेटणे’ हे क्रियापद दिशेच्या बाबतीत निःपक्षपाती आहे. माणूस गाडी पुढे रेटतो, बैल कुंपण आडवे रेटतो, कोंब माती वर रेटतो. शिवाय त्याचे कर्म ‘-वर’ ची अपेक्षा करीत नाही. ‘पाणी फळीला खालून रेटते’ ह्या वाक्यात दिशेचे एकच पद आहे, आणि ते खरे आहे.

उघाडीचे दार केवळ शब्द पुरवीत नाही, स्टेव्हिनचे सत्यही डोळ्यांसमोर आणते. एक मीटर लांब व एक मीटर उंच झडप दोन्ही बाजूंनी पाण्यात पूर्ण बुडालेली असून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा एक मीटर उंच आहे असे मानले, तर झडपेला बाहेरून येणारा निव्वळ रेटा सुमारे दहा हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतका होतो. हा रेटा समुद्र मोठा आहे म्हणून येत नाही. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की, बाहेर अख्खा अरबी समुद्र आणि आत काही गुंठ्यांचे पाणी असूनही झडपेला, क्षारांमुळे येणारा अल्प फरक सोडल्यास, दोन्ही बाजू समान असतात. साठा नव्हे, खोली महत्त्वाची, हे तत्त्व ह्याहून अधिक ठसठशीतपणे दाखविणारे उपकरण प्रयोगशाळेत मिळणे कठीण.

क्षारांमुळे येणारा जो अल्प फरक येथे सोडून दिला, तोच दुसऱ्या एका ठिकाणी निर्णायक ठरतो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ ह्या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव ह्या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. ‘बाव’ हा संस्कृत ‘वापी’ पासून आलेला कोकणातील रूढ शब्द. चहूकडे खारे पाणी असता बेटावर गोडे पाणी कसे टिकते, हा प्रश्न किल्ला पाहणाऱ्या प्रत्येक मुलास पडतो, आणि बहुधा त्याचे उत्तर कौतुकाने दिले जाते, शास्त्राने नव्हे.

शास्त्राचे उत्तर दाबाच्या पाठातलेच आहे. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट असते. म्हणून ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ४१ मीटर उंचीच्या गोड्या स्तंभाइतका भरतो. याचा अर्थ असा की, सच्छिद्र जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी समुद्रपातळीच्या वर एक मीटर उभे असेल, तर समुद्रपातळीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी खाऱ्या पाण्याला तोलून धरू शकते. हा संबंध नेदरलंड्समधील बॅडन गायबेन यांनी १८८८–८९ च्या सुमारास व जर्मनीतील हर्त्सबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. वाळूसारख्या जमिनीस तो चांगला लागू पडतो. खडकाळ बेटावर भेगांची रचना, पाण्याचा निचरा व पाऊस यांचाही विचार करावा लागतो, हे शिक्षकाने सांगणे इष्ट.

ह्या गणिताची दुसरी बाजू किनाऱ्यावरील संसाराशी निगडित आहे. वर उभे असलेले एक मीटर पाणी उपसून संपविले, तर तोलाचा खालचा ४० मीटरचा आधारही कालांतराने जातो. किनाऱ्यालगतची बाव उपसा वाढल्यावर मचूळ का होते, ह्याचे कारण ह्यात आहे. सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरीही माडाच्या मुळाशी आणि पिण्याच्या घड्यात खारटपणा येऊ शकतो. दाबाचा पाठ समजलेले मूल विहिरीवरील पंपाकडे वेगळ्या नजरेने पाहील. पाठ केवळ पाठ केलेले मूल पाहणार नाही. परिभाषेचा प्रश्न हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही, तो असा.

बोलीतील इतर शब्दही ह्या विषयास उपकारक आहेत. बागेतील दगडी डोण काठोकाठ भरलेली असता तळाजवळच्या भोकाचा बोळा काढला, तर धार लांब जाते. डोण रिती होऊ लागली की धार जवळ पडते. खोलीबरोबर दाब वाढतो ह्याचे हे रोजचे प्रात्यक्षिक. गवंडी पाणी भरलेल्या लवचीक नळीने दोन भिंतींची पातळी जुळवितो. पातळी साधण्याच्या त्याच्या ह्या कामासाठी मराठीत ‘पाणसळ’ हा जुना शब्द आहे, आणि जोडलेल्या भांड्यांतील द्रव एकाच उंचीवर राहतो हा सिद्धांत त्यात सामावलेला आहे. खोल बुडी मारणाऱ्याच्या कानात दडे बसतात. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, हे तारकर्लीच्या समुद्रात बुडी घेणाऱ्यास पुस्तकाआधी कानाने कळते. डोके कोणत्याही बाजूस वळविले तरी दडे तसेच राहतात, ही गोष्ट मुलांकडून वदवून घेतली तर ‘सर्व दिशांना सारखा’ हे शब्द पोकळ राहत नाहीत.

ह्याउलट द्रवचालित यंत्रांच्या बाबतीत बोलीने इंग्रजी शब्दच उचलला आहे. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या डंपरचा हौदा उचलला जातो तो ‘हायड्रॉलिकवर’, असे खाणीवरचा कामगार म्हणतो. येथे विशेषणाचे नाम झाले असून त्याचा अर्थ दट्ट्या, नळ्या व तेल यांची संपूर्ण जोडणी असा आहे. पुस्तकात ‘द्रवचालित’ आणि रस्त्यावर ‘हायड्रॉलिक’ अशी दोन नावे असताना, ती एकाच वस्तूची आहेत हे वर्गात स्पष्ट न केल्यास पास्कलचा नियम परीक्षेपुरता राहतो आणि डंपर नियमाबाहेर राहतो. सुई काढलेल्या लहानमोठ्या दोन पिचकाऱ्या, त्यांना जोडणारी नळी आणि थोडे पाणी एवढ्या साहित्यात हा दुरावा मिटविता येतो. लहान पिचकारीचा दट्ट्या बोटाने दाबणारे मूल मोठीचा दट्ट्या धरून ठेवणाऱ्या सोबत्याला सहज हरविते, आणि त्यासाठी आपल्याला दट्ट्या किती लांब न्यावा लागला हेही त्यास दिसते.

पाठ्यपुस्तकांच्या स्वरूपात अलीकडे झालेला बदल ह्या दिशेने अनुकूल आहे. २०१८ मध्ये प्रथम आलेल्या इयत्ता आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’ ह्या पुस्तकात ‘बल व दाब’ हा पाठ असून ‘करून पहा’ अशा शीर्षकाखाली कृती दिलेल्या आहेत. संवादाकडून व्याख्येकडे आणि व्याख्येकडून कृतीकडे असा हा दोन शतकांच्या जवळपास प्रवास आहे. कृतीने मुलाच्या हाताला स्थान मिळाले. संवादाने त्याच्या वाणीला जे स्थान दिले होते, ते मात्र पूर्णतः परत आलेले नाही. कृती झाल्यावर निष्कर्ष पुस्तकाच्याच वाक्यात लिहावा लागतो, आणि ‘खालच्या बाजूवर वरच्या दिशेने’ हा गुंता तेथे पुन्हा उभा राहतो.

ह्यावर उपाय म्हणून ‘दाब’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. ती सुबोध आहे, दोन पिढ्यांहून अधिक काळ रुळली आहे, आणि रक्तदाब, हवेचा दाब ह्या रूपांनी व्यवहारात स्थिरावली आहे. आवश्यक आहे ते तिला तिचा जोडीदार देणे. द्रव पृष्ठाला रेटतो; त्या रेट्याला दिशा असते आणि तो बल आहे. एक चौरस मीटर पृष्ठाला येणारा रेटा म्हणजे दाब. त्यास स्वतःची दिशा नसते. ह्या क्रमाने विषय मांडल्यास बल आणि दाब यांतील भेद, जो पदवीच्या वर्गातही अनेकदा धूसर असतो, आठवीच्या मुलास आपल्या भाषेतच पडताळून पाहता येईल. ‘प्रणोद’ हा कोशातील प्रतिशब्द वरच्या वर्गात यावा. पण तो ‘रेटा’ ह्या शब्दाच्या पाठीवर बसून यावा, त्यास हुसकून नव्हे.

परिभाषेचे मूल्यमापन करताना कोशातील नोंद हा पहिला पुरावा आहे, शेवटचा नव्हे. शब्द वर्गात कोणत्या वाक्यात उभा राहतो, आणि ते वाक्य ऐकून मूल उघाडीच्या दाराचे वागणे सांगू शकते की नाही, ही त्याची खरी कसोटी होय. पोंभुर्ल्याच्या शास्त्रीबुवांनी ग्रंथ, नियतकालिक आणि शिक्षकांचा वर्ग ही तिन्ही एकाच हाताने चालविली, त्यामागे हीच जाणीव होती असे म्हणावयास हरकत नाही.